युजनेट-पठनसूत्रमीमांसा

ज्ञानाच्या अनेक शाखांना आचार्य लाभले, भाष्यकार लाभले, क्वचित विद्यापीठीय अनुदानही लाभले. परंतु दूरस्थ सर्व्हरवरील युजनेटचा एखादा संदेश चार-सहा ओळींच्या शेल स्क्रिप्टने मागवून वाचावा, या क्रियेची पद्धतशीर मीमांसा अद्याप झालेली नाही. या उपेक्षेची कारणे शोधण्यात कालव्यय न करता त्या शास्त्राची पायाभरणी येथे योजिली आहे.

प्रथम परिभाषा. ज्या स्क्रिप्टचे प्रधान कार्य वार्तासमूहातील संदेश आणून तो मनुष्यनेत्रास गोचर करणे हे आहे, तिला यापुढे 'पठनसूत्र' म्हटले जाईल, आणि तिच्या कर्त्यास 'सूत्रकार'. या लक्षणात 'मनुष्यनेत्रास' हे पद हेतुपूर्वक घातले आहे. ते नसते तर एका सर्व्हरकडून दुसऱ्या सर्व्हरकडे संदेश वाहून नेणाऱ्या सर्व प्रणालींवर लक्षणाची अतिव्याप्ती झाली असती. 'प्रधान' हे पदही सार्थ आहे. ते कोणत्या अर्थाने सार्थ आहे याचा निर्णय फलविचारात होईल.

अनुबंधचतुष्टयापैकी विषय सांगितला. अधिकारी तो, ज्याला ऐंशी स्तंभांचा काळा पडदा भयप्रद वाटत नाही. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य जनांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा चित्रविरहित, केवळ अक्षरे दाखविणारे 'शेल अकाउंट' ज्यांच्या वाट्याला आले, त्या पिढीचा अधिकार या शास्त्रात स्वयंसिद्ध मानावा. नंतर जन्मलेल्यांना तो अभ्यासाने मिळविता येतो. प्रयोजनाबद्दल आचार्यांत एकमत नाही.

उत्पत्तिप्रकरण

ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांना १९७९ साली युजनेटची कल्पना स्फुरली. तिला पहिले शरीर दिले ते शेजारच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोविन यांनी, आणि ते शरीर म्हणजे एक शेल स्क्रिप्ट होती. ही घटना या शास्त्राचा आधारस्तंभ होय. अज्ञ जन पठनसूत्राला युजनेटचे अर्वाचीन उपांग समजतात. वस्तुतः युजनेट हेच एका सूत्रातून निष्पन्न झाले आहे. कार्यकारणभाव उलटा धरणाऱ्यांशी वाद घालण्याचे प्रयोजन नाही.

ते आदिसूत्र मंद होते. म्हणून स्टीफन डॅनियल प्रभृतींनी ते सी भाषेत नव्याने रचले आणि १९८० साली 'ए न्यूज' अवतरले. सूत्रकार-संप्रदायात या घटनेस 'प्रथमा च्युती' अशी संज्ञा आहे. लॅरी वॉल यांनी १९८४ साली 'आरएन' हे वाचनयंत्र दिले आणि एक कळ दाबली असता पुढचा संदेश येऊ लागला. ही 'द्वितीया च्युती'. कळ दाबून मिळालेला संदेश आणि आज्ञा लिहून मिळविलेला संदेश यांत अक्षराचाही भेद नसतो, हे विरोधकांचे म्हणणे आम्ही मान्य करतो. भेद संदेशात नाही, संस्कारात आहे.

फेब्रुवारी १९८६ मध्ये ब्रायन कँटर व फिल लॅप्सली यांनी आरएफसी ९७७ द्वारा एनएनटीपी हा वार्तावहनाचा नियम घालून दिला, आणि द्वार क्रमांक ११९ हे या शास्त्राचे महाद्वार झाले. तोवर संदेश स्वतःच्याच यंत्रावरील संचिकांत, प्रत्येकी एक क्रमांक धारण करून पडून असत. आता ते दूर गेले. दूर गेल्यामुळेच मागविण्याची विद्या उत्पन्न झाली.

पठनसूत्रांचे भेद

पठनसूत्रे चतुर्विध आहेत.

पहिले प्रत्यक्षसूत्र. संदेश स्वतःच्याच यंत्रावर असता ते केवळ 'एलएस' आणि 'कॅट' यांच्या बळावर चालते. याचा कर्ता कॅटच्या अतिरेकाकडे झुकतो. जी संचिका ग्रेप स्वतः उघडू शकतो, ती आधी कॅटने उघडून नळीवाटे ग्रेपच्या मुखात घालणे, या दोषास १९९० च्या दशकात रँडल श्वार्ट्झ यांनी 'कॅटच्या निरुपयोगी वापराचा पुरस्कार' देऊन शास्त्रीय प्रतिष्ठा दिली. दोषाचे वर्गीकरण पुरस्काराच्या रूपाने व्हावे, हे अन्य शास्त्रांनी अनुकरण करण्याजोगे आहे.

दुसरे आवाहनसूत्र. ते टेलनेट किंवा नेटकॅट यांच्या माध्यमातून सर्व्हरला 'ग्रुप', 'आर्टिकल', 'क्विट' अशा आज्ञा धाडते आणि उत्तराची अपेक्षा करते. या निबंधाचा बहुतांश भाग याच्याच चिंतनात जाईल, कारण ज्यात विघ्ने अधिक त्यात शास्त्र अधिक.

तिसरे संचयसूत्र. ते रात्री संदेश आणून ठेवते आणि दिवसा 'लेस'च्या साहाय्याने वाचते. याविषयी विशेष सांगण्यासारखे नाही.

चौथा भेद सूक्ष्म असून फलविचारापूर्वी त्याचे निरूपण केल्यास बुद्धिभेद होण्याचा संभव आहे.

रिक्तपंक्तिविचार

प्रत्येक संदेशाचे शीर्ष आणि काया असे दोन भाग असतात. शीर्षात फ्रॉम, डेट, न्यूजग्रुप्स, सब्जेक्ट, मेसेज-आयडी आणि पाथ या सहा ओळी १९८७ च्या आरएफसी १०३६ ने अनिवार्य ठरविल्या आहेत. शीर्ष कोठे संपते आणि काया कोठे सुरू होते, हे सांगणारी एकमेव खूण म्हणजे मधली रिकामी ओळ. सूत्रकार सेडला आज्ञा करतो की पहिल्या ओळीपासून पहिल्या रिक्त ओळीपर्यंत सर्व गाळ. सेड गाळतो. उरते ती काया.

परंतु आवाहनसूत्राच्या ठायी या सुलभ रीतीने सर्वनाश ओढवतो. एनएनटीपीच्या नियमाप्रमाणे तारेवरून येणाऱ्या प्रत्येक ओळीच्या अंती 'कॅरेज रिटर्न' आणि 'लाइन फीड' अशी दोन अदृश्य अक्षरे असतात. युनिक्स त्यांपैकी दुसऱ्यालाच ओळीचा अंत मानते. परिणामी रिक्त म्हणून आलेल्या ओळीत एक कॅरेज रिटर्न शिल्लक राहते. ती ओळ नेत्रास रिक्त, सेडला अरिक्त. सेड रिक्त ओळीच्या शोधात संदेशाच्या अंतापर्यंत जातो, वाटेतील सर्व काही गाळतो आणि पडद्यावर काहीही येत नाही. यास 'सर्वलोप' म्हणतात. वाचकास वाटते की लेखकाने काही लिहिलेच नव्हते, आणि युजनेटवरील लेखनाचा सरासरी दर्जा पाहता ही भ्रांती दीर्घकाळ टिकू शकते.

येथे उत्तरकालीन वैशेषिकांनी सातवा पदार्थ म्हणून स्वीकारलेल्या अभावाचा आश्रय घ्यावा लागतो. 'टीआर' या साधनाने कॅरेज रिटर्न पुसून जी रिक्तता सिद्ध होते ती प्रध्वंसाभाव, कारण तेथे काही होते व ते नष्ट केले. स्वतःच्या यंत्रावरील जुन्या संचिकांत कॅरेज रिटर्न मुळात नसतेच, म्हणून तेथील रिक्तता अत्यंताभाव. सर्व्हरने ओळ धाडण्यापूर्वी तिचा प्रागभाव असतो. आणि शीर्ष म्हणजे काया नव्हे, हा अन्योन्याभाव. तो राखण्यासाठीच हा सर्व प्रपंच आहे. चारही अभाव एकाच नळीत सापडावेत असे अन्य उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

यावर दोन पंथ आहेत. शुद्धिवादी आधी कॅरेज रिटर्न पुसतात व मग सेडला पाचारण करतात. सहिष्णुतावादी सेडलाच शिकवितात की कॅरेज रिटर्न असो वा नसो, ओळ रिक्तच समज. सहिष्णुतावाद उदात्त आहे. मात्र कॅरेज रिटर्नची सांकेतिक खूण ग्नूच्या सेडला कळते, काही जुन्या सेडांना कळत नाही. आम्ही शुद्धिवादी आहोत.

निद्राप्रकरण

आज्ञा धाडल्यानंतर उत्तर येईपर्यंत सूत्राने हेतुपूर्वक काहीही न करणे, यास निद्रा म्हणतात. 'हेतुपूर्वक' हे पद सूत्रकाराच्या स्वतःच्या निद्रेचे निवारण करण्यासाठी आहे.

निद्रेची आवश्यकता अशी. आज्ञांचा ओघ नळीतून टेलनेटकडे जातो. ओघ संपताच टेलनेट आपले कार्य झाले असे मानते आणि संबंध तोडते. सर्व्हरचे उत्तर वाटेतच राहते. म्हणून दोन आज्ञांमध्ये 'स्लीप' घालावे लागते. किती, या एका प्रश्नावर पाच मते उत्पन्न झाली.

एकक्षणवाद्यांच्या मते एक सेकंद पुरे, कारण विद्युत्संकेत शीघ्रगामी आहे. पंचक्षणवाद्यांच्या मते संकेत शीघ्रगामी असला तरी सर्व्हर वयोवृद्ध आहे. प्रवृद्धिवाद्यांस कोणतेही पूर्वनिश्चित मान मान्य नाही. सूत्र अपयशी ठरले की ते निद्रा एका सेकंदाने वाढवितात. यशानंतर ती कमी करावी असे या पंथाच्या कोणत्याही आचार्याने म्हटलेले नाही, म्हणून या संप्रदायातील सूत्रांची निद्रा वयोमानानुसार दीर्घ होत जाते.

येथे अर्धक्षणवादाचाही परामर्श घेतला पाहिजे. अर्ध्या सेकंदाची निद्रा ग्नू परंपरेतील स्लीपला येते. पॉसिक्स या प्रमाणग्रंथाने स्लीपला केवळ पूर्णांक दिला आहे. अतएव दर्शनशास्त्राच्या रूढ अर्थाने, म्हणजे प्रमाणग्रंथ न मानणारा तो नास्तिक या अर्थाने, अर्धक्षणवादी नास्तिक ठरतात आणि पाच मतांत त्यांची गणना होत नाही. त्यांची सूत्रे वेगाने चालतात, हा त्यांच्या पक्षाचा युक्तिवाद होऊ शकत नाही. नास्तिकांचे ऐहिक कल्याण होते, हे कोणी नाकारलेले नाही.

चौथे मत अनिद्रावाद्यांचे. ऑक्टोबर २००६ च्या आरएफसी ३९७७ मध्ये उत्तराची वाट न पाहता अनेक आज्ञा एकापाठोपाठ धाडण्यास, काही अपवाद वगळता, अनुमती आहे, असे वचन ते दाखवितात. वचन खरे आहे. परंतु अनुमती सर्व्हरला लागू. ओघ संपताच उठून जाणाऱ्या टेलनेटला ती ऐकू येत नाही. तेव्हा अनिद्रावाद्यांना टेलनेट सोडून नेटकॅटकडे जावे लागते, आणि नेटकॅटच्याही अनेक शाखा असून काही ओघ संपल्यावर थांबतात, काही थांबत नाहीत. अशा प्रकारे निद्रेचा प्रश्न कुलगोत्राच्या प्रश्नात परिणत होतो.

पाचवे संवादवादी. ते बॅशच्या पोटातील टीसीपी-मार्गाने सर्व्हरशी थेट संबंध जोडतात, एक आज्ञा देतात, उत्तराची ओळ वाचतात, मगच दुसरी देतात. हे मत तर्कदृष्ट्या निर्दोष आहे. त्यास अनुयायी अल्प आहेत, कारण त्याने सूत्र दहा ओळींनी वाढते, आणि अर्धमात्रेच्या लाघवासाठी झटणाऱ्या वैयाकरणांच्या देशात दहा ओळी म्हणजे महाभाष्य होय.

बिंदुप्रकरण

संदेश संपला हे सर्व्हर कसे सांगतो? एका ओळीवर एकटा बिंदू धाडून. हा निधनबिंदू. मग संदेशातीलच एखादी ओळ बिंदूने सुरू होत असेल तर? सर्व्हर तिच्या आरंभी आणखी एक बिंदू जोडतो. हा रक्षकबिंदू. घरी पोहोचल्यावर रक्षकबिंदू काढून टाकणे हे सूत्राचे कर्तव्य. जो बिंदू मुळातच लेखकाचा होता तो आत्मबिंदू. त्यास स्पर्श करू नये.

आळशी सूत्रकार रक्षकबिंदू तसाच ठेवतात. एरवी हा अल्पदोष; परंतु युनिक्सच्या हस्तपुस्तिका ट्रॉफ नामक लेखनविधीत रचल्या जात आणि त्यात जवळजवळ प्रत्येक आज्ञेचा आरंभ बिंदूने होतो. अशी पुस्तिका समूहात प्रकाशित झाली आणि आळशी सूत्राने वाचली, तर तिला बिंदुज्वर झालेला दिसतो.

याहून गंभीर दोष पौर्वापर्याचा. रक्षकबिंदू आधी काढला आणि निधनबिंदू नंतर शोधला, तर लेखकाने सहज म्हणून एका ओळीवर ठेवलेला एकटा बिंदू निधनबिंदूचे रूप धारण करतो आणि संदेश अकाली मरण पावतो. तस्मात् प्रथम निधन ओळखावे, पश्चात् रक्षक मुक्त करावा. हा क्रम नित्य आहे.

सर्व्हरच्या संख्यावाचक उत्तरांविषयी संक्षेप पुरे. दोनने सुरू होणारी संख्या प्रसन्नतेची, चारने सुरू होणारी असमर्थतेची, पाचने सुरू होणारी अनाकलनाची. २०० म्हणजे या आणि लिहाही. २०१ म्हणजे या, परंतु लिहू नका. २०१ चे उत्तर मिळूनही सर्व्हरविषयी आदर न ढळू देणे हे परिपक्व सूत्रकाराचे लक्षण होय.

त्यागप्रकरण

सर्वच संदेश वाचनीय नसतात. अमुक लेखकाचे लेखन यापुढे नेत्रांसमोर येऊ नये, अशी व्यवस्था करणे म्हणजे त्याग. वाचनयंत्रांत त्यासाठी 'किल फाइल' असते, आणि त्यागलेली व्यक्ती तिच्या तळाशी पडताना होणाऱ्या ध्वनीस युजनेटवर 'प्लाँक' म्हणत. सूत्रकार ग्रेपच्या निषेधरूपाने तेच साधतो, ध्वनीविना.

त्याग द्विविध. त्यक्त व्यक्तीचे स्वतःचे संदेश गाळणे हा प्रथमत्याग. तो सुकर आहे आणि त्यात अर्थ नाही. कारण त्यक्त व्यक्ती इतरांच्या उत्तरांत, प्रत्येक ओळीआधी कोनचिन्ह लावून, अवतरणरूपाने परत येते. तिला तेथूनही घालविणे हा द्वितीयत्याग. त्यासाठी कोनचिन्हाने सुरू होणाऱ्या सर्व ओळी गाळाव्या लागतात, आणि मग समूहात केवळ उत्तरे उरतात: "मुळीच नाही." "हे मी १९८८ पासून सांगत आहे." "तुमचा कंपायलर तुम्हांस लखलाभ." काही आचार्य या अवस्थेलाच युजनेटचे शुद्ध स्वरूप मानतात.

स्वाक्षरीचा त्याग निराळा. संदेशाच्या अंती दोन आडव्या रेषा आणि एक रिकामी जागा अशी ओळ आली की पुढील सर्व स्वाक्षरी समजावी. शिष्टाचाराने स्वाक्षरीस चार ओळींची मर्यादा घातली. रेषांनंतरची ती एक रिकामी जागा विसरणाऱ्याची स्वाक्षरी अमर होते, कोणताही सेड तिला स्पर्श करू शकत नाही.

सोक.कल्चर.इंडियन.मराठी या समूहात ग्रेपची विशेष परीक्षा होई. तेथे मराठी रोमन लिपीत लिहिली जाई आणि प्रत्येक लेखकाचे लिप्यंतर स्वतंत्र. 'आहे' लिहिताना कोणी 'ए' एकदा वापरी, कोणी दोनदा. ळ आणि ण यांची काय गत होई हे सांगणे नलगे. म्हणून ग्रेपच्या आकृतिबंधात 'ए' पुढे आणखी एक 'ए' आणि त्यावर तारका, म्हणजे एक किंवा अधिक, अशी योजना करावी लागे. पाणिनीने जे विकल्पसूत्रांनी साधले ते येथे तारकेने साधते.

एक अपवादात्मक जाती राहिली. कॉम्प.सोर्सेस.युनिक्स इत्यादी समूहांत 'शार' या पद्धतीने प्रोग्राम धाडले जात. तेथे संदेश हीच एक शेल स्क्रिप्ट असे. शीर्ष गाळून उर्वरित भाग शेलच्या स्वाधीन केला की त्यातून संचिका आपोआप बाहेर पडत. यात वाचणारे सूत्र आणि वाचले जाणारेही सूत्र, असा ज्ञातृज्ञेयभेदाचा लोप होतो. अद्वैताचा हा अनुभव अपरिचित लेखकाच्या संदेशाबाबत घेऊ नये. परकी स्क्रिप्ट न वाचता चालविणारा मुक्त होतो, परंतु आपल्या संचिकांपासून.

फलविचार

आता पूर्वपक्ष असा. टिन, एसएलआरएन, थंडरबर्ड अशी सिद्ध वाचनयंत्रे असता पठनसूत्र रचणे व्यर्थ आहे. ज्यास वाचावयाचे तो वाचील.

सिद्धान्त असा. ज्यास वाचावयाचे तो या शास्त्राचा अधिकारीच नव्हे. वर सांगितलेल्या कोणत्याही प्रकरणात, रिक्तपंक्तीपासून स्वाक्षरीपर्यंत, संदेशात काय लिहिले आहे याचा विचार एकदाही करावा लागला नाही, हे लक्षात घ्यावे. संदेश निमित्तमात्र आहे. यज्ञात आहुती लागते. तिची चव कोणी विचारत नाही. लक्षणातील 'प्रधान' पद याच अर्थाने सार्थ आहे: संदेश नेत्रास गोचर करणे हे सूत्राचे प्रधान कार्य, नेत्राचे काय ते नेत्राने पाहावे.

येथे चौथा भेद सांगण्याचा अवसर येतो. 'न्यूजआरसी' या संचिकेत प्रत्येक समूहापुढे वाचून झालेल्या संदेशांचे क्रमांक नोंदलेले असतात. समूहनामापुढे विसर्गासारखी खूण असेल तर वर्गणी चालू, उद्गारचिन्ह असेल तर बंद. '१-१५२०,१५२३' असे लिहिले असता १५२१ आणि १५२२ हे दोन संदेश अपठित समजावेत. वाचलेले काय आणि न वाचलेले काय, याचे समग्र ज्ञान एका आडव्या रेषेत व एका स्वल्पविरामात साठविलेले आहे. जे सूत्र संदेश आणीत नाही, दाखवीत नाही, केवळ समूहाचा शेवटचा क्रमांक विचारते आणि न्यूजआरसीत एकपासून तेथपर्यंत रेषा ओढते, ते अपठनसूत्र. त्यास रिक्तपंक्तीचा दोष लागत नाही, बिंदूचा लागत नाही, त्याग करावा लागत नाही. निद्रा मात्र एक सेकंद लागतेच. ते आपल्या मूळ लक्षणात बसत नाही, हा आक्षेप येईल. शास्त्राची परमावस्था शास्त्राच्या लक्षणाबाहेर असणे, ही आपल्याकडील प्राचीन रीत आहे.

२२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगल ग्रुप्सने युजनेटचे नवे संदेश घेणे थांबविले. कित्येक समूह त्याआधीच निःशब्द झाले होते. अशा समूहात प्रवेश करू जाता सर्व्हर २११ आणि पुढे तीन शून्ये असे उत्तर देऊ शकतो. प्रमाणग्रंथास ते संमत आहे. म्हणजे समूह आहे, संदेश नाही. या स्थितीत सूत्राने समाप्त होताना शेलला कोणता अंक द्यावा, हा आज या शास्त्रातील सर्वांत तीव्र वाद होय. शेलच्या मते शून्य म्हणजे यश. ग्रेपला काही सापडले नाही तर तो एक देतो, म्हणून ग्रेपानुयायी एकाचा आग्रह धरतात. त्यांच्या मते वाचावयास काही न मिळणे हे अपयश आहे. शून्यवादी म्हणतात, सर्व्हर भेटला, समूह सापडला, निद्रा पुरेशी ठरली, निधनबिंदूची गरजही पडली नाही; यापेक्षा निर्दोष पठन कोणते?

आम्ही शून्याच्या पक्षाचे आहोत, एका अटीवर. सूत्राने अशा वेळी पडद्यावर एकही अक्षर उमटवू नये. कारण सूत्र क्रॉनच्या स्वाधीन करून रात्री चालविण्याचा प्रघात आहे, आणि सूत्राने काही उच्चारले की क्रॉन ते उचलून सूत्रकाराच्या टपालपेटीत टाकतो. 'नवे संदेश नाहीत' असा एक नवा संदेश रोज पहाटे तेथे येऊन पडतो, आणि तो वाचण्यासाठी पृथक् सूत्र रचावे लागते. टपालातील संदेशांत बिंदूंऐवजी 'फ्रॉम' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळींपासून रक्षण करावे लागते, आणि तेथे रक्षकबिंदूच्या जागी रक्षक-कोनचिन्ह असते. त्याची मीमांसा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे.